बटण दाबायचं काम

मी मेडिकल इमेजिंगमध्ये जायचा विचार करतेय असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास अंगठा हवेत दाबून दाखवतो. "म्हणजे एक्स-रे काढायचा ना? बटण दाबायचं काम!" एका काकांनी तर तोंडाने "टक" असा आवाजही काढला. मी हसले, कारण तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच वाटत होतं. मशिन भारी असतं, माणूस बटण दाबतो, फोटो येतो, आणि हुशारीचं जे काय असेल ते रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर करतात.

मी या वाटेला आले त्याची कारणं फार उदात्त वगैरे नव्हती. फिजिक्स आवडायचं आणि बायोलॉजीही आवडायची, दोन्हीतलं एक सोडायचं जिवावर आलं होतं. त्यात रक्त बघितलं की मला घेरी येते, त्यामुळे बाकीचे मेडिकलचे रस्ते आपोआप बंद झाल्यासारखे वाटत होते. इमेजिंगमध्ये रक्त नसतं असं मीच ठरवून टाकलं होतं (हे किती चूक आहे ते तिसऱ्याच दिवशी कळलं, अपघाताचा पेशंट सगळ्यात आधी जिथे नेतात त्यातली एक जागा एक्स-रेची असते, आणि तो तिथे धुऊनपुसून येत नाही). फॉर्म भरण्याआधी एकदा बघून तर येऊ म्हणून ओळखीतून परवानगी काढली आणि एका हॉस्पिटलच्या इमेजिंग डिपार्टमेंटमध्ये दोन आठवडे नुसतं उभं राहायला गेले. कशाला हात लावायचा नाही, सांगतील तिथे उभं राहायचं, सांगतील तेव्हा बाहेर जायचं, एवढंच.

तिथल्या सीनियर टेक्नॉलॉजिस्ट मॅडमना मी पहिल्या दिवशी ते बटणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की. आता हा पेशंट आत येईल तिथपासून मी बटण दाबेपर्यंत काय काय होतं ते मोज."

साधा छातीचा एक्स-रे होता. मॅडमनी नाव विचारलं, विचारलं म्हणजे "तुम्ही अमुकच ना?" असं नाही, तर "तुमचं पूर्ण नाव सांगा", कारण कानाने कमी ऐकू येणारा आणि घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो आणि मग भलत्याच माणसाचा एक्स-रे भलत्याच नावावर जातो. मग कागद बघितला. गळ्यातली साखळी काढायला लावली. केस वर बांधायला लावले, कारण जाड वेणी फुप्फुसावर आली तर सावली पडते आणि ती आजारासारखी दिसू शकते. छाती डिटेक्टरला, म्हणजे किरण झेलून फोटो बनवणाऱ्या पाटीला, टेकवून उभं केलं, हनुवटी वर, हात कमरेवर उलटे, आणि मग दोन्ही खांदे हलकेच पुढे ढकलले, म्हणजे पाठीच्या मागचे ते दोन पंखासारखे हाडाचे पत्रे फुप्फुसावरून बाजूला सरकतात. हे मला माहीतच नव्हतं, घरी येऊन आरशासमोर करून बघितलं, खरंच सरकतात. किरण जिथून निघतात ती ट्यूब १८० सेंटीमीटर दूर ठेवली. पाठ ट्यूबकडे आणि छाती डिटेक्टरकडे, कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते डिटेक्टरच्या जवळ ठेवलं तर त्याची सावली उगीच मोठी पडत नाही. झोपून राहिलेल्या पेशंटचा वॉर्डमध्ये जाऊन पोर्टेबल काढतात तेव्हा हे उलटं होतं, आणि मग हृदय वाढल्यासारखं दिसतं, जे प्रत्यक्षात वाढलेलं असेलच असं नाही. मग किरण कुठे पडणार ते दाखवणारा प्रकाशाचा चौकोन आवळून छातीपुरता केला. डावी-उजवीची खूण लावली. आत येऊन सेटिंग बघितलं. काचेतून पेशंटकडे बघत म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या… अजून घ्या… रोखून धरा…" आणि मग बटण.

मी एकवीस गोष्टी मोजल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, काही सुटल्या. आणि बटणाचं म्हणाल तर छातीच्या एक्स-रेला किरण चालू असतात ते सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. अंगठ्याच्या मानाने फारच थोडं काम.

त्या शंभराव्या भागात ट्यूबच्या आत काय होतं ते मला अजूनही वेड लावतं. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, प्रचंड वेगाने टंगस्टनच्या फिरत्या चकतीवर आपटतात, आणि एवढ्या सगळ्या आपटाआपटीतून एक्स-रे किती निघतात तर साधारण एक टक्का. उरलेली ९९ टक्के ऊर्जा नुसती उष्णता. टंगस्टन वितळायला ३,४०० अंशांच्या वर तापमान लागतं म्हणून ते टिकतं, आणि तरीही चकती फिरती ठेवावी लागते, नाहीतर एकाच ठिकाणी मार खाऊन खड्डा पडेल.

डाव्या-उजव्याचं मात्र माझं डोकं पहिले काही दिवस पार फिरलं. पेशंट पाठमोरा उभा असेल तर त्याचा डावा तो माझा डावा. तोच टेबलावर उताणा झोपला की आपण त्याच्याकडे समोरून बघतो, मग त्याचा उजवा माझ्या डाव्या हाताला. स्क्रीनवर फोटो कायम असा लावतात की जणू पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे. सीटीमध्ये, म्हणजे एक्स-रेनेच शरीराचे आडवे काप दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, तर काप असा बघायचा की आपण झोपलेल्या माणसाच्या पायापाशी उभे राहून डोक्याकडे बघतोय. मॅडमनी एकदा मला "ती खूण दे गं" म्हणून हात पुढे केला, पाय डावा होता आणि मी बिनदिक्कत उजवीची खूण त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी न बघता चाचपून ती परत दिली. काही बोलल्या नाहीत. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीतरी हा फोटो बघून पाय निवडणार असतं, हे माझं मलाच आठवलं आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मुलांचं तर वेगळंच शास्त्र आहे. दीड वर्षाच्या पोराला "श्वास रोखून धर बाळा" सांगून काय उपयोग. ते पोर हंबरडा फोडून रडत होतं, आई कावरीबावरी झालेली, मला वाटलं आता हे शांत होईपर्यंत थांबतील. मॅडम थांबल्याच नाहीत. हात बटणावर ठेवून कान देऊन ऐकत राहिल्या. रडणारं मूल आवाज फोडतं, फोडतं, आणि मग पुढचा हंबरडा फोडायला दम घेतं, पोटभर. त्या दम घेण्याच्या क्षणाला बटण. फोटोत फुप्फुसं अशी मस्त फुगलेली, समजूतदार मोठ्या माणसानेही एवढा श्वास घेतला नसता. "रडणारं मूल मला चालतं," मॅडम म्हणाल्या, "वळवळणारं चालत नाही."

घरी मात्र वेगळा प्रश्न होता. तिथे सगळ्यांची एकच काळजी, रेडिएशन. आईने थेट विचारलं, "तुला पुढे काही झालं तर?" आणि ही काळजी येडपटपणाची नाही, तिच्यामागे खरा इतिहास आहे. राँटगेनला हे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीत व्युर्ट्सबर्गला, आणि डिसेंबरमध्ये त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. त्यानंतर जग नुसतं खुळावलं. लोक हौस म्हणून हाडं बघायचे. एडिसनच्या प्रयोगशाळेतला त्याचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःचे हात किरणांखाली धरून यंत्र चालतंय का ते तपासायचा. आधी हात भाजल्यासारखे झाले, मग कॅन्सर, मग हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसनने त्यानंतर एक्स-रेचा नादच सोडला. जर्मनीतच हँबर्गला १९३६ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे, या किरणांवर काम करता करता जीव गेलेल्यांची नावं कोरलेलं.

पण आईला मी जे दाखवलं ते म्हणजे खिशाला लावायचा तो छोटा बॅज. काम करणाऱ्या प्रत्येकाकडे असतो, किती किरण अंगावर आले ते त्यात नोंदलं जातं आणि ठरावीक काळाने तपासलं जातं. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की कामाच्या ठिकाणी मिळणारा डोस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या (अंगात गेलेले किरण मोजायचं हे माप) वर जाऊ नये. आता आपण सगळे नुसते या पृथ्वीवर राहतो, दगडमातीतून, हवेतून, आकाशातून जे मिळतं ते जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ च्या आतच, म्हणजे फार तर दहा-पंधरा दिवस नुसतं जगण्याइतका. पोटाच्या सीटीला तो आठ-दहापर्यंत जातो, म्हणूनच सीटी उगाच काढायचा नसतो. आणि काम करणारा माणूस काचेमागे असतो, भिंतीत शिसं असतं, आणि अंतर नावाची गोष्ट असते, दुप्पट लांब गेलं की डोस चौथाई. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लांब उभी राहशील ना?" तेवढंच तिला हवं होतं, आकडे मी उगीच पाठ केले.

मला स्वतःला धीर आला तो एका वेगळ्याच माणसाकडून. पहिल्या महायुद्धात मारी क्युरीने मोटारीत एक्स-रेचं यंत्र बसवून आघाडीजवळ नेलं होतं, जखमींच्या अंगात गोळी कुठे अडकलीये ते सर्जनला तिथल्या तिथे दाखवायला. सोबत तिची मुलगी इरेन, तेव्हा सतरा-अठराची. माझ्याच वयाची पोरगी सर्जनला सांगतेय की गोळी इथे आहे, एवढी खोल आहे. दोघींनी मिळून पुढे दीडशेच्या आसपास बायकांना हे काम शिकवलं. सर्जन लोक आधी तिचं ऐकत नसणार, असं माझं मीच इमॅजिन करते. (मायलेकींनी या कामाची किंमत मोजली असं मानतात, दोघीही पुढे रक्ताच्या आजाराने गेल्या. हे आईला नाही सांगितलं.)

दुसऱ्या आठवड्यात एमआरआय. इथे एक्स-रे नाहीतच, आहे तो चुंबक. दीड टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकापेक्षा तीसेक हजार पट दमदार, द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांना गार करून ठेवलेला, आणि कायम चालू. लाइट गेले, रविवार आला, रात्रीचे तीन वाजले, चालूच. दारावर एक दादा बसायचे, त्यांचं काम सगळ्यांना अडवायचं. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवलीये का, कधी वेल्डिंगचं किंवा लेथचं काम केलंय का, डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का. मला वाटलं शेवटचा प्रश्न काहीतरीच आहे, पण डोळ्यात राहून गेलेला बारीकसा कण त्या चुंबकात हलला तर डोळाच जातो. मी खिसे रिकामे केले, मोबाइल, किल्ल्या, पेन, घड्याळ, सगळं देऊन ऐटीत पुढे निघाले. दादांनी हात आडवा केला. "केसात काय आहे?" पिन होती. चार वर्षं रोज लावत असल्यामुळे ती माझ्या डोक्याचाच भाग झाली होती. "तुम्ही सगळ्या असंच म्हणता," दादा म्हणाले, मी काही म्हणायच्या आतच.

आत गेल्यावर तो ठोकाठोकीचा आवाज, आणि त्या नळीत वीस-वीस मिनिटं न हलता पडून राहायचं, हातात एक रबरी फुगा, घाबरलात तर दाबा. एक आजोबा दोनदा आत जाऊन दोनदा बाहेर आले. तिसऱ्या वेळी टेक्नॉलॉजिस्टने त्यांचे डोळे आत जायच्या आधीच रुमालाने झाकले, नळी दिसलीच नाही, आणि झाला स्कॅन. इथलं फिजिक्स सुंदर आहे, आपल्या अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन दीड टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना उत्तर देतात, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या जरा खालीच माणूस वाजतो. पण हे सगळं फिजिक्स एका रुमालापाशी अडलं होतं.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मला दोनच दिवस मिळाले. ते चिकट जेल असतं ना, ते कशाला असतं हे मला माहीत नव्हतं. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात तो दांडा, आणि कातडी यांच्या मधे हवा राहिली तर आवाज तिथूनच परत फिरतो, आत शिरतच नाही, म्हणून. आणि या सगळ्यात माणसाच्या हाताला जास्तीत जास्त महत्त्व सोनोग्राफीतच आहे, तोच पेशंट, तेच मशिन, हात बदलला की चित्र बदलतं. दिवसभर हात वाकडा धरून खांद्याची पार वाट लागते. तिथे बसणाऱ्या प्रत्येकाचा एक खांदा दुखत होता.

आता ते सीटीचं. हे लिहायचं की नाही याचा मी बराच विचार केला.

सीटीचं मला खास आकर्षण होतं. ते काढलं गॉडफ्री हौन्सफिल्डने, तो डॉक्टर नव्हता, ईएमआय या कंपनीत इंजिनियर होता, तीच ती गाण्यांच्या रेकॉर्ड्स काढणारी. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळच्या एका हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा मेंदू त्याने कापांमध्ये दाखवला, ८० बाय ८० चौकोनांचं ओबडधोबड चित्र, आता ५१२ बाय ५१२ अगदी साधं समजतात. १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅकबरोबर त्याला नोबेल मिळालं, आणि आजही राखाडी रंगाची मोजपट्टी त्याच्याच नावाने चालते, पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड वर कुठेतरी शेकड्यांत नाहीतर हजारात. डोळ्याला इतके राखाडी वेगळे दिसतच नाहीत, म्हणून विंडो, म्हणजे त्या मोजपट्टीचा कुठला तुकडा राखाडीत दाखवायचा ते, बदलायची, फुप्फुसाची विंडो लावली की फुप्फुस उमलून दिसतं आणि बाकी सगळं पांढरंफटक, हाडाची लावली की उलट. तोच डेटा, तोच माणूस. मी तासन्‌तास ते बघत बसायचे.

त्या दिवशी एक ताई टेबलावर होत्या, चाळिशीच्या असतील, छातीचा सीटी. मॅडमनी त्यांना आधीच सांगितलं होतं, "इंजेक्शन गेलं की अंगातून गरम लाट जाईल, लघवी झाली असं वाटेल. होत नाही. सगळ्यांना वाटतं." त्या थोड्या हसल्या होत्या. मग आम्ही काचेच्या अलीकडे. काप स्क्रीनवर यायला लागले, वरून खाली, मी फुप्फुसाची विंडो ओळखली, काळंभोर, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, सगळं छान. आणि अचानक उजव्या फुप्फुसाच्या मधोमध एक पांढरा गोळा. पुढच्या कापात मोठा. त्याच्या पुढच्यात अजून मोठा. माझा हात आपोआप तोंडावर गेला.

"हात खाली," मॅडम म्हणाल्या. ओठ न हलवता. नजर स्क्रीनवरच.

मी हात खाली घेतला. काचेपलीकडे त्या ताई मान किंचित वळवून आमच्याकडेच बघत होत्या.

"ते यकृत आहे," मॅडम तशाच आवाजात म्हणाल्या. "वरून घुमटासारखं असतं. फुप्फुसाच्या तळात खालून वर आलेलं. घुमटाचं टोक आधी कापलं जातं म्हणून गोळा दिसतो." त्यांनी अजून खाली नेऊन दाखवलं, गोळा वाढत वाढत अख्खं यकृत झाला. प्रत्येकाला असतं ते. मलाही आहे.

ताई उठून बसल्या, हाताची सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि दारापाशी जाऊन वळल्या. "त्या मुलीने तोंडावर हात का ठेवला?"

मॅडम म्हणाल्या, "ती शिकायला आलीये, तिला सगळंच नवीन आहे. रिपोर्ट डॉक्टर सांगतील, उद्या मिळेल." यातला शब्दन्‌शब्द खरा होता. ताईंनी मान हलवली पण त्यांचा विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. माझ्यामुळे ती बाई एक अख्खी रात्र एका यकृताला घाबरून काढणार होती. तिच्या रिपोर्टमध्ये पुढे काय आलं मला माहीत नाही, विचारायचा मला हक्कही नाही, आणि मी विचारलंही नाही.

नंतर मॅडम एवढंच म्हणाल्या, "काचेतून दोन्ही बाजूंनी दिसतं."

ह्या कामाचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टेक्नॉलॉजिस्ट चित्र सगळ्यात आधी बघतो आणि सांगायची परवानगी मात्र त्याला नसते. रेडिओलॉजिस्ट नावाचा डॉक्टर रिपोर्ट लिहितो, पेशंटचा डॉक्टर तो वाचून सांगतो, आणि ह्या रांगेत पहिला उभा असणारा माणूस गप्प. मला आधी हे अन्यायाचं वाटलं. वर्षानुवर्षं बघून बघून मॅडमना कळत नसेल का? कळतं. पण कळणं आणि खात्री यात केवढं अंतर असतं ते मी त्या यकृतापायी शिकले होतेच. आणि तज्ज्ञांचंही ऐका. २०१३ मध्ये एक प्रयोग छापून आला, फुप्फुसाच्या सीटीवर गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना स्कॅनमध्ये एक गोरिलाचं चित्र घुसवून दिलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. वीस जणांना ते दिसलंच नाही. डोळे कुठे फिरतात ते मोजलं तर न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. ते गाठी शोधत होते, गोरिला नाही. मी हे वाचून आधी हसले आणि मग गप्प झाले, कारण मी काहीच शोधत नव्हते आणि मला कॅन्सर दिसला होता.

एआयचं विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही, म्हणून तेही. "मशिनच वाचणार सगळं, तुझी नोकरी राहील का?" २०१६ मध्ये एआयमधला मोठा शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन, ज्याला पुढे २०२४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, तो म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं. रेडिओलॉजिस्ट आहेत अजून, मी ज्या सरांना बघितलं त्यांच्यासमोरची यादी संध्याकाळपर्यंत संपत नव्हती. मशिन मदत करतंय, करेलच, गाठीवर गोल काढून दाखवेल, आणि काही कामं खरंच जातील असंही मला वाटतं. पण रडणाऱ्या पोराचा दम ऐकून बटण दाबणारं आणि आजोबांच्या डोळ्यांवर रुमाल ठेवणारं काही मला एवढ्यात दिसत नाही. चुकीची असेन कदाचित, बघू.

एक मोह मात्र अजून आहे, न्यूक्लियर मेडिसिनचा. तिथे किरण मशिनमधून येत नाहीत, पेशंटला औषध टोचतात आणि मग पेशंटच चमकतो. तिथल्या पेट स्कॅनसाठी जे किरणोत्सारी फ्लोरिन वापरतात ते ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे सकाळी बनवलेलं औषध रस्त्यात अडकलं तर वाटेतच विरायला लागतं, सगळं डिपार्टमेंट घड्याळाकडे बघत काम करतं. मला असली घाई आवडते. पण मॅडम म्हणाल्या, आधी साधा एक्स-रे नीट काढायला शिक, मग चमकव कोणाला चमकवायचं ते.

न आवडलेलंही सांगायला हवं. नाईट शिफ्ट. पेशंट उचलून उचलून गेलेल्या कमरा. दिवसाला साठ-सत्तर छात्या, तेच "श्वास घ्या, रोखून धरा", इतकं की घरी झोपेतही लोक तेच बडबडतात म्हणे. आणि चुकलं की सगळे विचारतात कोणी काढला, बरोबर आलं की कोणी विचारत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी एक काका आले, एकटेच. किडकिडीत, शर्ट ढगळा झालेला, खोकत होते. आता मला पुढचं सगळं पाठ होतं, मॅडमनी मला त्यांच्या शेजारी उभं राहून खांदे कसे धरायचे ते दाखवलं, हाडं हाताला लागत होती. हनुवटी वर, हात कमरेवर. आत आलो. "मोठा श्वास घ्या काका… रोखून धरा…" त्यांना एका खोकल्याच्या पुढे रोखता येत नव्हता, दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा जमला. फोटो आला. मी सवयीने आधी बघायचं ते बघितलं, गळ्याखालची हाडं दोन्ही बाजूंना सारखी आहेत, म्हणजे वळलेले नव्हते. मागच्या फासळ्या मोजल्या, दहा, म्हणजे श्वास पुरता घेतला होता. खांद्याचे पत्रे बाहेर. एकदम नेटका फोटो, पुस्तकात छापावा असा. मग उजवीकडे वर बघितलं. तिथे यकृत नसतं.

मॅडमनीही बघितलं. त्यांचा चेहरा होता तसाच होता. माझा कसा होता मला माहीत नाही, पण हात खाली होते.

आम्ही बाहेर गेलो तर काका शर्ट घालत होते. "चांगला आला का फोटो?" त्यांनी मलाच विचारलं, मॅडम मागे होत्या.

मी म्हणाले, "फोटो एकदम छान आलाय काका. रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"छान आला ना? मग झालं," ते म्हणाले आणि खरोखर हसले.

मी मॅडमकडे बघितलं. त्या पुढच्या पेशंटचा कागद वाचत होत्या. काकांची बोटं थरथरत होती, वरून दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं होतं आणि सगळा शर्ट एका बाजूला ओढला गेला होता. मी म्हटलं थांबा काका, आणि खालपासून सगळी सोडून परत एकेक लावली.